मोहाच्या तेलावर चाललेला ट्रक

निवृत्तीनंतर काय करता, असं कोणी विचारलं की मी "ट्रक दुरुस्त करतो" म्हणून सांगतो. समोरचा माणूस लगेच माझ्या हातांकडे बघतो. नखं कापलेली, ग्रीसचा डाग नाही. त्याला शंका येते.

"गॅरेज कुठी हाय तुमचं?"

"घरीच. पुढच्या खोलीत."

"खोलीत ट्रक?"

मग मी उजव्या हाताचं कोपर टेबलावर टेकवतो आणि बोटांच्या टोकापर्यंत दाखवतो. एवढा ट्रक. बॅटरीवरची मोटर, चारही चाकांना स्प्रिंग आणि तेलाचे शॉक, आणि दूर उभं राहून रिमोटनं चालवायचा. यावर माणसं दोन प्रकारे वागतात. काही हसतात. काही आजूबाजूला ओळखीचं कोणी नाही ना हे बघून हळूच म्हणतात, "एक चक्कर मारून पाहू काय?" ही दुसऱ्या प्रकारची माणसं पुढे माझी गिऱ्हाईकं होतात, आणि पहिल्या प्रकारची माणसं त्यांच्या बायका असतात.

नोकरी माझी ऊर्जानगरच्या वीज केंद्रात झाली. वाफेचा दाब, पाण्याची पातळी, तापमान हे सांभाळणारी उपकरणं नीट लावून देणं हे काम. तिथं एक गोष्ट हाडात मुरली, ती म्हणजे एका वेळी एकच स्क्रू फिरवायचा. दोन फिरवले आणि यंत्र सुधारलं, तर कशानं सुधारलं ते कळत नाही, आणि बिघडलं तर तुम्ही मेलातच. हातभर ट्रकलाही हाच नियम लागू पडतो. फरक इतकाच की वीज केंद्रात चूक झाली तर साहेब बोलवायचे, इथं बंडूभाऊ बोलावतो.

बंडूभाऊ हा मूल गावचा राइस मिलवाला. शर्यती भरवतो तोच, त्याच्याच मिलमागच्या शेतात. धान कापून झालं की बांध्या मोकळ्या होतात. बांधी म्हणजे धानाचा चौकोनी तुकडा, आणि दोन बांध्यांमधला मातीचा बांध म्हणजे धुरा. बाहेरच्या देशात म्हणे अशा शर्यतीसाठी मातीचे उंचवटे मुद्दाम बांधतात. आमच्याकडे ते काम आजा-पणजांनी करून ठेवलेलं आहे. धुरा आला की ट्रक उडतो, पलीकडच्या बांधीत पडतो, धसकटांमधून धडधडत पुढचा धुरा गाठतो. चालवणारे सगळे एका बांबूच्या मचाणावर रांगेत उभे असतात आणि बंडूभाऊ भोंग्यावर बोलत असतो. शर्यत नसली तरी तो बोलतो, पण तेव्हा भोंगा नसतो.

ज्यांना हे काही माहीत नाही त्यांच्यासाठी माझं काम थोडक्यात सांगतो. मोटरसायकल खड्ड्यातून गेली की शॉक दबतो आणि परत वर येतो. या ट्रकचंही तसंच. शॉकमध्ये तेल भरलेलं असतं. तेल पातळ असलं की चाक चटकन वर-खाली होतं आणि धसकटांवरून गाडी लोण्यासारखी जाते. पण धुऱ्यावरून उडी मारली की पोट जमिनीवर आपटतं. तेल दाट घातलं की उडी झकास पेलते, पण धसकटांवर नाचत सुटते. दोन्ही सुखं एकदम मिळत नाहीत, हे लग्न झालेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. त्यात आमची माती. सकाळी दवानं ओलसर असते, चाक धरून ठेवते. दुपारी तिचाच भुगा होतो आणि चाक जागच्या जागी गरगरतं. म्हणून सकाळी लावून दिलेली गाडी दुपारी पुन्हा लावावी लागते. टायर बदल, स्प्रिंग बदल, जमिनीपासूनची उंची थोडी कमी कर, असं चाललेलं असतं. यालाच आम्ही गाडी 'लावणं' म्हणतो.

गिऱ्हाईकाला मात्र यातलं काही नको असतं. त्याला वेग हवा असतो. बंडूभाऊ पहिल्यांदा ट्रक घेऊन आला तेव्हा म्हणाला, "प्रकाशभाऊ, सगळं फुल्ल करून टाका."

"काय काय फुल्ल करू?"

"जे जे हाय ते."

बाजारातली सगळ्यात दणकट मोटर त्यानं आधीच आणून बसवली होती. रिमोटचा घोडा दाबला की ट्रक पुढे जाण्याऐवजी मागच्या चाकांवर उभा राहायचा आणि उताणा पडायचा. "गाडी सलामी देऊन राह्यली," बंडूभाऊ कौतुकानं म्हणाला. मी मोटरला हात लावला नाही. तिच्या टोकाचं दातेरी चाक काढून जास्त दात्यांचं बसवलं, त्यामुळे मोटर तीच राहिली पण तिचा झटका आवरला. ट्रक सरळ धावू लागला. आडवा व्हायचा तो पुढे जाऊ लागला, त्यामुळे बंडूभाऊला तो आधीपेक्षा जोरात पळतोय असं वाटलं. "पाह्यलं? मी म्हटलं होतं ना, फुल्ल करा!" तेव्हापासून तो माझं सगळ्यात निष्ठावान गिऱ्हाईक आहे.

एक खंत इथंच सांगून टाकतो. मला स्वतःला ट्रक चालवता येत नाही. गाडी आपल्याकडे तोंड करून येऊ लागली की डावं-उजवं उलटं होतं, आणि तिथं माझी बुद्धी दर वेळी दगा देते. इतक्या गाड्या लावल्या, त्यातल्या कित्येक जिंकल्या, पण माझ्या हातून एकही गाडी उलटल्याशिवाय शेवटच्या रेषेपर्यंत गेलेली नाही. तालमीतल्या वस्तादाला कुस्ती येत नसावी, असं हे आहे. लोक हसतात, मीही हसतो, आणि घरी येऊन पुढची गाडी खोलायला घेतो.

तर बंडूभाऊनंच जैवंताबाई नावाच्या एका बाईला माझा पत्ता दिला. ती धानोऱ्याच्या पलीकडच्या एका गावची. नवऱ्याच्या डोळ्यांचं औषध न्यायला चंद्रपूरला यायची. येता-जाता बस मूलवरून जाते, तेव्हा एकदा खिडकीतून तिला ही शर्यत दिसली. माणसं मचाणावर उभी, खाली छोटे ट्रक उड्या मारतायत. ती पुढच्या थांब्यावर उतरली, चालत मागे आली, आणि सगळी शर्यत बघून मगच तिनं पुढची बस धरली. पुढच्या खेपेला ती चंद्रपुरात माझ्या दारात उभी राहिली. जोहार घातला आणि पिशवीतून एक ट्रक काढून टेबलावर ठेवला. त्याची पुढची चाकं दोन दिशांना बघत होती.

"भाऊ, हे चालतं करून द्या."

"कोणाचं आहे?"

"नातवाचं होतं. तो नागपूरले राह्यते आता. बुढ्यासाठी पाह्यजे."

"त्यांनी मागितला का?"

"तो काही मागतच नाई ना भाऊ. तेच तर हाय."

मग तिनं सगळं सांगितलं. नवरा सोमजीभाऊ जन्मभर बांबूचा आणि लाकडाचा ट्रक चालवत आला. जंगलातले रस्ते, घाट, नाले, सगळं त्याला पाठ. मग काचबिंदू झाला. डॉक्टरांनी औषधावर आणखी बिघडणं थांबवलं, पण गेलेली नजर परत येत नाही. लायसन्स पुढे चालू झालं नाही. सोमजीभाऊनं वाद घातला नाही. मालकाला किल्ली दिली, घरी आला, अंगणात खाटेवर बसला, तो बसलाच.

"बाजारात जात नाई, सोयऱ्याच्या लग्नाले जात नाई, गावच्या बैठकीले जात नाई. कुंपणाच्या भायेर पाय नाई ठेवत. मी म्हणतो तेव्हा चंद्रपूरले येते, डॉक्टरले डोळे दाखवते, परत खाट. डोळ्याचं मले काही नाई वाटत भाऊ, दिसते तेवढं पुरते. पण हा माणूस घरी बसणारा नोहोय. लगन झालं तवापासून मी याले दिवसा घरी पाह्यलंच नाई कधी. आता दिवसभर पाह्यतो, तर भेव लागते." ती थोडी थांबली. "हे पाह्यलं मी मूलले. उभ्यानं चालवतात. कोणाले धडक नाई, कोणी मरत नाई. म्हटलं, ही गाडी याले कोणी बंद नाई करू शकत."

मला तोपर्यंत बऱ्याच मागण्या ऐकायची सवय होती. कोणाला वेग हवा असे, कोणाला मेव्हण्याला हरवायचं असे. नवरा अंगणातून उठला पाहिजे, अशी मागणी पहिल्यांदाच आली होती. मी चाकं सरळ केली, वळवणाऱ्या छोट्या मोटरचे झिजलेले दाते बदलले, आणि पुढच्या तपासणीला दोघांना माझ्याकडे यायला सांगितलं.

सोमजीभाऊ आला तो उंच, ताठ, आणि चेहऱ्यावर दगड. स्टुलावर बसला आणि भिंतीकडे बघू लागला. मी ट्रक खोलीत फिरवून दाखवला. माझ्या हातून तो पंख्याच्या खांबावर आदळला.

"खेळणं हाय," सोमजीभाऊ म्हणाला.

"हो," मी म्हणालो.

ट्रक पुन्हा आदळला. या वेळी कपाटावर. सोमजीभाऊला राहवेना. "आण इकडं," म्हणून त्यानं माझ्या हातातून रिमोट घेतला. वळताना तो स्वतः स्टुलावर वाकत होता. ट्रक खोलीभर फिरून, एकाही वस्तूला न लागता, त्याच्या पायाशी येऊन थांबला. मला जरा लाजल्यासारखं झालं. जैवंताबाई खिडकीतून बाहेर बघत होती, म्हणजे तसं दाखवत होती.

"उड्या काऊन मारून राह्यली ही?" त्यानं विचारलं.

"हलकी असते ना, म्हणून."

"रिकामी गाडी उडतेच. माल टाका."

मी म्हटलं, यात माल टाकायचा नसतो. यावर त्यानं माझ्याकडे असं बघितलं की ट्रकचा धंदा मला कोणी शिकवला याचीच त्याला शंका यावी.

खोलीत जमलं ते शेतात जमलं नाही. बंडूभाऊनं शर्यतीआधी सरावाला शेत उघडं ठेवलं होतं. जवळच्या दोन बांध्या सोमजीभाऊनं ट्रक सुरेख नेला. तिसऱ्या धुऱ्यावरून उडी मारली आणि ट्रक त्याच्या लेखी नाहीसा झाला. मातीच्या रंगात मातीच्या रंगाची धूळ आणि त्यात हातभर गाडी. ज्याची नजर चांगली त्यालाही डोळे बारीक करावे लागतात. "कुठी गेली? कुठी गेली?" करेपर्यंत ट्रक धुऱ्यावर डोकं आपटून उलटा. असं पुन्हा पुन्हा झालं. शेवटी त्यानं रिमोट मचाणावर ठेवला, खाली उतरला आणि पळसाच्या सावलीत जाऊन बसला. तीच बसण्याची पद्धत, जी जैवंताबाई घरी रोज बघत होती.

मी तिच्याकडे जाऊन म्हणालो, "बाई, नाही जमणार बहुतेक." मला वाईट वाटत होतं आणि त्याहून जास्त, माझी हार झाल्यासारखं वाटत होतं.

ती नवऱ्यापुढे जाऊन उभी राहिली. "जंगलात गाय दिसते काय तुमाले?"

"नाई दिसत. मंग?"

"मंग आणता कशी?"

आमच्या जंगलाकडच्या गावांत गुरांच्या गळ्यात लाकडी घंटा बांधतात. सागाचा पोकळ ठोकळा आणि आत दोन लाकडी दांड्या. चालताना ठक-ठक वाजते. झाडीत गाय दिसत नाही, पण कुठे आहे, चरते आहे की पळते आहे, हे आवाजावरून कळतं. प्रत्येक घंटेचा आवाज वेगळा आणि मालकाला आपला बरोबर ओळखू येतो. सोमजीभाऊनं मान वर केली. पुढच्या खेपेला त्यानं खिशातून शेळीच्या गळ्यातली, मुठीएवढी घंटा काढून माझ्या टेबलावर ठेवली.

आता खरं सांगायचं तर मला ती घंटा मुळीच आवडली नाही. मी गाडीवरचा एकेक स्क्रू वजन करून निवडणारा माणूस. वर डोक्यावर लाकडाचा ठोकळा बांधला तर गाडी वळणावर कलंडणारच. पण गिऱ्हाईक हट्टी होतं आणि त्याची बायको त्याहून हट्टी होती. शेवटी मी मागच्या बाजूचा प्लॅस्टिकचा पत्रा कापला, घंटा जमिनीलगत, दोन चाकांच्या मधोमध टांगली, आणि तिच्या वजनाइतकी बॅटरी पुढे सरकवली. चाकं जमिनीवर असली की ठक-ठक चालू. गाडी उडाली की आवाज बंद. टेकली की एक मोठा ठोका.

मग ट्रक नव्यानं लावायला घेतला. आजवर मी बघणाऱ्यांसाठी गाड्या लावत आलो होतो. बघणारा माणूस गाडी घसरली की लगेच सावरतो, म्हणून त्याला चपळ गाडी चालते. सोमजीभाऊला घसरण ऐकू येईपर्यंत उशीर झालेला असणार. म्हणजे गाडी स्वतःच सरळ जाणारी हवी. मागची चाकं किंचित आत वळवली, त्यामुळे शेपूट हलायचं थांबतं. स्प्रिंग मऊ घातल्या. वेग आवरायला दातेरी चाक लहान बसवलं. वळणाचा झटका कमी केला. अशी गाडी तरण्याताठ्या पोरांना दिली तर ती म्हणतील, ही म्हैस कोणी आणली. पण सोडली की सरळ रेषेत जायची आणि धुऱ्यावरून उडाली की चारही चाकांवर उतरायची. इतकी समजूतदार गाडी मी आयुष्यात दुसरी लावली नाही. याचा मला अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही.

शर्यतीचा दिवस उजाडला तो कडाक्याच्या थंडीचा. धुकं होतं, लोक शाली पांघरून शेकोटीला बसले होते. सकाळी एक प्राथमिक फेरी होते, जी पुरी करावी लागते. केली तरच दुपारच्या शर्यतीत नाव. सोमजीभाऊ फेरीआधी जरा चालवून बघायला मचाणावर चढला. ट्रक सोडला आणि पहिल्याच बांधीत तो बेडकासारखा उड्या मारू लागला. घंटा वेड्यासारखी खडखडत होती. धुऱ्यावर गेला आणि चेंडूसारखा उसळून बाजूला पडला.

"गाडी लाकूड झाली," वरून सोमजीभाऊ म्हणाला.

मी पळत जाऊन ट्रक उचलला. वरून दाबला तर शॉक दबेचनात. एकाचं झाकण उघडलं. आत पिवळं, घट्ट, तुपासारखं काहीतरी होतं. मी बोट घालून वास घेतला आणि ओळखलं.

"सोमजीभाऊ, यात तेल कोणतं घातलं?"

"घरचं. मोहाच्या टोळीचं. औंदाचंच हाय, शुद्ध." टोळ म्हणजे मोहाची बी.

"कशाला पण?"

हळूहळू बाहेर आलं. घरी गेल्यावर त्यानं ट्रकमध्ये माल टाकला होता. तांदळाची पुरचुंडी बांधून. रिकामी गाडी उडते, हे त्याचं मत मी खोडून काढलं होतं, पण घालवलं नव्हतं. त्या वजनानं शॉक पार खाली बसले, कडेनं तेल गळून गेलं. मग त्यानं झाकणं उघडली आणि घरातलं तेल भरलं.

"गुडघ्याले लावतो आमी. बंद पडलेला गुडघा चालते," तो म्हणाला. "तर मंग शॉकले काऊन नाई चालणार?"

"अहो, पण थंडीत गोठतं ना ते! तुम्हाला माहीत नाही का?"

"माहीत हाय. चालली का गरम होते. वरती उत्तरेत माल घेऊन गेलो का डिझेल बी जमत होतं. आमी टाकीखाली जाळ करत होतो." असं म्हणून तो खरोखर शेकोटीकडे निघाला, हातात ट्रक घेऊन.

मी आडवा आलो. त्याच्या ट्रकची टाकी लोखंडाची होती, माझ्या ट्रकचे हातपाय प्लॅस्टिकचे आहेत, हे मी ओरडूनच सांगितलं. तोवर भोंग्यावर बंडूभाऊनं या गटाची नावं पुकारायला सुरुवात केली. चार शॉक सोडून, धुऊन, माझं तेल भरायला वेळ नव्हता. सोमजीभाऊचा चेहरा पुन्हा दगड होऊ लागला होता. "राहू दे भाऊ," तो म्हणाला, आणि ते त्यानं फार सहज म्हटलं.

जैवंताबाई चहावाल्याकडे गेली होती. ती परत आली तेव्हा तिच्या हातात उकळत्या पाण्यातून काढून पिळलेली फडकी होती. माझ्या हातातून ट्रक घेऊन ती खाली मांडी घालून बसली आणि एकेका शॉकला गरम फडकं गुंडाळून चोळू लागली. गुडघा शेकतात तसा तिनं तो ट्रक शेकला. फडकं निवलं की चहावाला दुसरं देई. बघताबघता दांडी हलू लागली. मी वरून दाबलं, ट्रक खाली बसला आणि सावकाश वर आला. इतका सावकाश, इतका छान, की वीज केंद्रातले माझे जुने साहेब असते तर त्यांनी विचारलं असतं, कोणतं तेल वापरलं.

सकाळची फेरी त्या तेलानं काढली. दुपारपर्यंत ऊन तापलं आणि मोहाचं तेल आपोआप पातळ राहिलं. मी तेल बदलू का विचारलं, तर सोमजीभाऊ म्हणाला, "चालत्या गाडीले हात नोका लावू." हे मात्र मला पटलं.

दुपारची शर्यत सुरू झाली. बाकीचे ट्रक पुढे निघून गेले, ते जाणारच होते. सोमजीभाऊचा ट्रक मागून ठक-ठक करत निघाला. घंटेचा ट्रक लोकांनी कधी बघितला नव्हता. आधी हसले. मग तो तिसरा धुरा पार करून चारही चाकांवर टेकला तेव्हा टाळ्या पडल्या. मग शिट्ट्या. बंडूभाऊ भोंग्यावर सुटला, "धानोऱ्याची गाडी! घंटागाडी! वा रे पठ्ठे!" आणि दूरच्या बांधीत ट्रक आडवा होऊन थांबला.

मचाणावर सोमजीभाऊ मान इकडेतिकडे फिरवत होता. त्याला काहीच ऐकू येत नव्हतं. आमच्या कौतुकानंच त्याची गाडी बुडवली होती. मी हात हलवून लोकांना गप्प करायला लागलो, तर त्यांना वाटलं मी आणखी टाळ्या मागतोय.

तेवढ्यात जैवंताबाई बंडूभाऊच्या टेबलाशी पोचली. "बंद करा ते!" ती ओरडली, आणि ते भोंग्यातून सगळ्या शेताला ऐकू गेलं. "त्याले गाडी ऐकू येऊन नाई राह्यली! चूप बसा समदे!"

बंडूभाऊनं भोंगा बंद केला. त्याच्या घरचे लोकही तिथं होते, त्यांनी हे पहिल्यांदाच पाहिलं असेल. टाळ्या थांबल्या. कोणीतरी रडणाऱ्या पोराला कडेवर घेतलं. पुढच्या चालकांनीसुद्धा, ज्यांची शर्यत संपली होती, हातातले रिमोट खाली केले. अख्खं मूल गाव गप्प झालं म्हणा. सोमजीभाऊनं रिमोटचा घोडा हळूच दाबून बघितला, आणि त्या शांततेत दूरच्या बांधीतून एक ठोका आला. मग दुसरा. सोमजीभाऊची मान एका दिशेला स्थिर झाली. त्यानं ट्रक मागे घेतला, सरळ केला, आणि ठक-ठक सुरू झाली. धुऱ्याजवळ आली, थांबली, हवेत गेली, आणि मोठा ठोका पडला. शेकडो माणसं श्वास धरून एक हातभर ट्रक ऐकत होती. मला डोळे पुसावे लागले. शेजारचा माणूस म्हणाला धूळ हाय, मी हो म्हटलं.

तो शेवटून पहिला आला. ट्रकनं रेषा ओलांडल्यावर मग जो गोंधळ झाला तो विचारू नका. बंडूभाऊ भोंगा घेऊन मचाणावरच चढला. "सोमजीभाऊ, कितवा नंबर आला माहीत हाय काय?"

"नंबर नाई मालूम," सोमजीभाऊ म्हणाला. "गाडी आणली."

जो माणूस घाटात रात्री-अपरात्री बांबू भरून उतरला आहे, त्याला याहून मोठं बक्षीस माहीत नसावं. मलाही त्या दिवसापासून माहीत नाही.

पण जैवंताबाईचं काम यानं झालं की नाही, हे मला कळत नव्हतं. एक दिवस शर्यतीला आणणं वेगळं आणि रोज खाटेवरून उठणं वेगळं. परत जाताना त्यांची बस सुटली तेव्हा तो खिडकीशी बसला होता, चेहऱ्यावर पुन्हा तोच दगड. मी बरेच दिवस विचार करत राहिलो. शेवटी शॉकला लावायच्या रबरी कड्या घेऊन, त्या देण्याच्या निमित्तानं, उन्हं तापायच्या आधी मी त्यांच्या गावी गेलो.

अंगणात जैवंताबाई चिंचेची बोटकं फोडत बसली होती. खाट भिंतीला उभी करून ठेवलेली.

"सोमजीभाऊ कुठं आहेत?"

"मले काय माहीत?" ती जोरात म्हणाली, शेजारच्या घरापर्यंत जाईल अशी. "गेला असन कुठी तरी. सकाळपासून पत्ता नाई. काल बी नव्हता. पलीकडच्या गावात कोणाचा ट्रॅक्टर बंद पडला, तर हा तिथी जाऊन बसला, आवाज ऐकून सांगतो म्हणे काय बिघडलं ते. परवा तो ट्रक घेऊन बाजारात गेला. जेवाले वेळेवर येत नाई, सांगून जात नाई. लगन झालं तवापासून हेच हाय याचं." तक्रार करताना तिच्या तोंडावर हसू मावत नव्हतं.

मी रबरी कड्या तिच्या हाती दिल्या. चहा झाला. दुसराही झाला. मी रस्त्याकडे बघतोय हे तिच्या लक्षात आलं.

"तुमी नोका थांबू भाऊ," ती म्हणाली. "तो काही लवकर येत नाई घरी."

मी गिऱ्हाईकाला न भेटता परतीची बस धरली, आणि घरी पोचेपर्यंत फार खुशीत होतो.